बिबट्या-मांजराची मैत्री : एका कथाप्रकाराची तपासणी

फेब्रुवारी २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात एका विहिरीत बिबट्या आणि मांजर असे दोघेही पडले. काठावरून कोणीतरी मोबाइलवर त्याचे चित्रण केले. बिबट्या पाण्यात धडपडतो आहे आणि मांजर त्याच्याच शेपटीचा, पाठीचा आधार घेऊन बुडण्यापासून वाचू पाहते आहे, असे त्यात दिसते. बिबट्या मांजराला काही करत नाही. सिन्नरची शीव ओलांडली की आमचा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा लागतो, त्यामुळे ही चित्रफीत इकडे फार फिरली. काही शाळांत ती परिपाठातही सांगितली गेली, आणि तिच्यासोबत येणारे तात्पर्यही : संकटात वैरीसुद्धा मित्र होतो, जनावरांना कळते ते माणसांना का कळू नये, वगैरे. वनाधिकाऱ्यांनी त्याच वेळी दिलेला खुलासा मात्र चित्रफितीबरोबर फिरला नाही. बिबट्या त्या विहिरीत पडला तो त्याच मांजराचा पाठलाग करताना.

भिन्न जातींच्या प्राण्यांची मैत्री हा आता एक स्वतंत्र कथाप्रकारच झाला आहे. त्याची पुस्तके निघतात, दूरचित्रवाणीवर कार्यक्रम होतात, आणि मोबाइलवर तर दररोज नवी जोडी हजर असते. कथा-कादंबरीची समीक्षा होते तशी याची होत नाही, कारण हे साहित्य आहे असे कोणी समजत नाही; हे ‘खरे घडलेले’ असते. पंचतंत्रातील कावळा, उंदीर, कासव आणि हरिण यांची मैत्री वाचताना मुलालाही ठाऊक असते की ही माणसांची गोष्ट आहे. मोबाइलवरच्या गोष्टीत ही सोय नाही. घटना खरी असते, गोष्ट मात्र रचलेली असते, आणि ती बहुधा एकाच साच्यातली असते. दोन प्राणी, एक क्षण आणि वर एक शीर्षक. त्या क्षणाच्या आधी काय झाले आणि नंतर काय झाले, हे दोन्ही कापून टाकलेले असते. कापलेला भाग परत जोडून पाहिला तर काय दिसते, ते काही उदाहरणांवरून पाहू.

प्रथम विहिरीचेच घेऊ. भुकेलेला बिबट्या समोरचे मांजर का सोडतो? जिवावर बेतले असता प्राण्याच्या शरीरातील अनुकंपी मज्जासंस्था आणि अ‍ॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरके सारा कारभार हाती घेतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्त स्नायूंकडे वळते, पचनाचे काम मंदावते आणि खाण्याची इच्छा मावळते. शिकार करणे हे निवांतपणाचे काम आहे. बुडणारा प्राणी शिकार करीत नाही. कर्नाटकात दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बिळिनेले येथे फेब्रुवारी २०२१ मध्ये याचा कोरड्या जमिनीवरचा नमुना पाहायला मिळाला. बिबट्यापासून पळणारे कुत्रे एका घराच्या शौचालयात शिरले, मागोमाग बिबट्या शिरला, आणि बाहेरून कोणीतरी कडी घातली. सुमारे सात तास दोघे त्या चिंचोळ्या जागेत दोन कोपऱ्यांत बसून होते. कुत्र्याला ओरखडाही उमटला नाही, आणि शेवटी बिबट्या छपरातून निसटला. याही छायाचित्राला ‘मैत्री’ची शीर्षके मिळाली. कोंडले गेल्याची भीती भुकेवर मात करते, हे मुलांना समजण्यासारखे आहे. परीक्षेच्या सकाळी डबा तसाच परत आणणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात एक तरी असतोच.

आणि नंतर काय? चित्रफीत विहिरीपाशी संपते. आमच्या जिल्ह्यात पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ मध्ये असाच एक बिबट्या विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढल्यावर गळ्यात संदेश पाठवणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा माग ठेवला. हा प्रौढ नर गावे, रस्ते, रेल्वेमार्ग ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत त्याने कोणा माणसाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ च्या अखेरीस मुंबईजवळ वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याला ‘आजोबा’ हे नाव पडले होते, आणि त्या नावाचा मराठी चित्रपटही २०१४ मध्ये आला. विहिरीतल्या प्रत्येक बिबट्याला पट्टा बांधता येणार नाही, हे उघड आहे. पण ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न कोणी विचारला म्हणूनच आजोबाची हकीकत गोष्टीच्या पातळीवरून ज्ञानाच्या पातळीवर आली.

मैत्रीच्या कथेची एक सख्खी बहीण आहे, ती म्हणजे सूडाची कथा. डिसेंबर २०२१ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातले लवूळ हे गाव एकाएकी जगभरच्या वर्तमानपत्रांत आले. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले म्हणून वानरांनी सूड उगवला आणि कुत्र्यांची पिल्ले उंचावर नेऊन खाली टाकली, अशी ती बातमी होती. मेलेल्या पिल्लांचा आकडा कुठे ८० होता, कुठे २५०. वनखात्याने दोन वानरे पकडून नागपूरकडे रवाना केल्यावर बातमी थंडावली. आता वानरांविषयी जे पक्के ठाऊक आहे ते यापुढे ठेवून पाहा. वानरांच्या कळपात पिल्लू एकीकडून दुसरीकडे जाते. माद्या एकमेकींची पिल्ले घेतात, हाताळतात, निरखतात. वानराचे पिल्लू जन्मल्यापासून मोठ्यांच्या पोटाला घट्ट धरून राहू शकते. कुत्र्याच्या पिल्लाजवळ पकड नाही. ते झाडावर किंवा गच्चीवर नेले गेले तर त्याला दूध मिळत नाही, खाली उतरता येत नाही, आणि उचलणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे गेले की ते पडते. पिल्ले मेली हे खरे. पण सूड म्हणायचा तर वानरांनी जुनी घटना ध्यानात ठेवून, दोषी सोडून त्याच्या जातीतल्या तान्ह्यांना वेचून मारले असे मानावे लागते. पिल्लू उचलून नेण्याची ओढ आणि त्याला सांभाळण्याची असमर्थता एवढ्यावर भागत असताना इतके मोठे गृहीतक कशाला हवे? एखाद्या छायाचित्रकाराने वानराच्या कुशीत कुत्र्याचे पिल्लू असताना नेमका तो क्षण टिपला असता, तर याच घटनेची मैत्रीची कथा झाली असती. एकच वर्तन, दोन शीर्षके.

वैर आणि मैत्री यांची ही जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. ज्यांचे वैर कायमचे आहे अशा प्राण्यांच्या जोड्यांचा समास कसा करावा यासाठी पाणिनीने एक वेगळा नियमच दिला, आणि टीकाकारांनी त्याची उदाहरणे दिली ती अहिनकुल आणि मार्जारमूषक, म्हणजे साप-मुंगूस आणि मांजर-उंदीर. वैर जन्मजात असते ही समजूत व्याकरणात जाऊन बसली. मग ते वैर कोठे थांबलेले दिसले की आश्चर्य वाटणारच. ऋषींच्या आश्रमात आणि चांगल्या राजाच्या राज्यात वाघ आणि गाय एका घाटावर पाणी पितात, ते याच कारणाने.

मार्जारमूषक वैर जन्मजात आहे काय, हा प्रश्न प्रयोगाने तपासणारा माणूस चिनी होता. झिंग-यांग क्वो यांनी १९३० मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला, आणि तो प्रत्येक शिक्षकाला माहीत असावा असे आम्हाला वाटते. त्यांनी मांजरीच्या पिल्लांचे तीन गट केले. पहिल्या गटातली २१ पिल्ले उंदीर मारणाऱ्या आईबरोबर वाढवली; त्यांतल्या १८ पिल्लांनी पुढे उंदीर मारले. दुसऱ्या गटातली २० पिल्ले एकेकटी वाढवली. त्यांतल्या ९ पिल्लांनी उंदीर मारले. तिसऱ्या गटातली १८ पिल्ले अगदी लहानपणापासून उंदरांच्या संगतीत वाढवली. त्यांतल्या फक्त ३ पिल्लांनी उंदीर मारले, आणि तेही ज्या जातीच्या उंदरांबरोबर वाढली होती ते सोडून इतर. हे आकडे फळ्यावर लिहावेत आणि मुलांनाच निष्कर्ष काढू द्यावा. वैर पूर्णपणे जन्मजात असते तर तिन्ही गटांत सारखे आकडे आले असते. ते पूर्णपणे शिकलेले असते तर एकटे वाढलेल्या ९ पिल्लांना ते कोणी शिकवले? हुशार मूल हा प्रश्न विचारील, आणि तो तसाच अवघड राहू द्यावा.

क्वो यांच्या तिसऱ्या गटात जे घडले त्याचे मर्म वयात आहे. प्राण्याच्या बालपणात एक ठरावीक काळ असा असतो की त्या काळात जे सोबत असते ते ‘आपले’ होते. कुत्र्यात हा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत असतो, मांजरात तो आणखी लवकर, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत. कोन्राड लोरेन्त्स यांच्या मागे चालणारी हंसाची पिल्ले हे याचे सर्वांत गाजलेले चित्र. त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला तो प्राण्यांच्या वर्तनावरील अशाच अभ्यासाबद्दल. पण त्यासाठी ऑस्ट्रियात जायला नको. पावसाळा संपल्यावर आमच्या पारनेर, कर्जत भागांत मेंढ्यांचे वाडे उतरतात, रात्री वाघूर लावून मेंढ्या कोंडल्या जातात, आणि वाड्यावर जन्मलेले कुत्र्याचे पिल्लू कोकरांच्या आसपासच वाढते. मोठे झाल्यावर ते मेंढी फाडत नाही, लांडगा आला तर त्याच्यावर धावून जाते. लांडग्याच्या कुळातला प्राणी मेंढ्यांची राखण करतो, यापेक्षा आश्चर्याची आंतरजातीय मैत्री कोणती? पण ती रोज रस्त्याने जाताना दिसते म्हणून तिचे छायाचित्र कोणी काढत नाही.

मराठी वाचकाच्या मनात प्राण्यांच्या मैत्रीचे चित्र आहे ते मात्र हेमलकशाचे. गडचिरोली जिल्ह्यातील लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या प्राण्यांच्या अनाथालयात बिबट्या, अस्वल, तरस, कोल्हा, हरिण असे अनेक प्राणी वाढले. विलास मनोहर यांचे ‘नेगल’ आणि डॉ. आमटे यांचे ‘रानमित्र’ ही पुस्तके घरोघरी वाचली गेली, शाळांच्या ग्रंथालयांत ती असतातच, असावीतही. या अनाथालयाचा जन्म कसा झाला हे डॉ. आमटे यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे : शिकार झालेल्या माकडिणीच्या अंगाला बिलगलेले जिवंत पिल्लू त्यांनी मागून घेतले, आणि पुढे भुकेपोटी शिकार करणाऱ्या माडिया आदिवासींना धान्य देऊन त्यांच्याकडून अशी पिल्ले घ्यायला सुरुवात केली. म्हणजे या साऱ्या स्नेहाच्या मुळाशी मेलेली आई आहे. लेखकांनी हे लपवलेले नाही. वाचकांनी ते विसरून टाकले आहे. बिबट्याच्या गळ्यात हात टाकलेल्या माणसाचे छायाचित्र पुस्तकातून सुटून एकटेच फिरू लागले की त्याचा अर्थ ‘प्रेम दिले की कोणताही प्राणी मित्र होतो’ असा होतो. पुस्तकाचा अर्थ तो नाही. तेथे वाढलेला बिबट्या रानात परत जाऊ शकत नाही. त्याचे बालपण माणसाने घेतले, आणि त्याबदल्यात त्याला जन्मभर सांभाळण्याची जबाबदारी घेतली. ही देवघेव नीट वाचली तर पुस्तके अधिक मोठी वाटतात. शिक्षकांनी ती वाचून दाखवताना आईच्या मृत्यूचा भाग गाळू नये, इतकेच आमचे मागणे आहे.

मग रानात, माणसाच्या हाताविना, असे काही घडतच नाही काय? घडते, आणि एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये गीरच्या जंगलात एका सिंहिणीजवळ तिच्या स्वतःच्या दोन बछड्यांबरोबर बिबट्याचे सुमारे दोन महिन्यांचे पिल्लू दिसले. सिंह आणि बिबट्या यांचे एरवीचे नाते असे की एकाने दुसऱ्याची पिल्ले दिसताच मारावीत. ही सिंहीण त्या पिल्लाला पाजत होती, शिकारीतला वाटा देत होती, आणि तिचे बछडे त्याच्याशी खेळत होते. निरीक्षकांनी तारखा, वये, कोण कोणाजवळ किती होते याच्या नोंदी ठेवल्या. सुमारे ४५ दिवसांनी पिल्लू मेलेले सापडले. शवविच्छेदनात जन्मजात हर्निया आढळला. ते कोणी मारले नव्हते. २०२० मध्ये याचा शोधनिबंध आला, आणि त्यात ‘मैत्री’ शब्दावर भर न देता साधी शक्यता मांडली आहे : सिंहिणीची स्वतःची पिल्ले त्याच वयाची होती, तिच्या शरीरात पाजण्याची संप्रेरके कामाला लागलेली होती, आणि लहान वयातले बिबट्याचे पिल्लू हालचालीने, आवाजाने सिंहाच्या बछड्याहून फार निराळे नसते. मोठे झाल्यावर ते निराळे वाटले असते का, हे पाहण्याआधीच ते गेले. केनियातील सांबुरू येथील सिंहिणीने २००२ च्या सुमारास ऑरिक्स या कुरंगाच्या वासरांना जवळ केल्याची घटना अधिक गाजली, पण तिच्याजवळ पाजण्यासाठी दूध नव्हते, आणि पहिले वासरू शेवटी दुसऱ्या सिंहाने खाल्ले. गाजलेल्या गोष्टीत हे शेवटचे वाक्य बहुधा बारीक अक्षरात असते.

या कथाप्रकाराचे सर्वांत खपलेले पुस्तक म्हणजे जेनिफर हॉलंड यांचे ‘अनलाइकली फ्रेंडशिप्स’. २०११ मध्ये निघालेल्या या पुस्तकात ४७ जोड्या आहेत. छायाचित्रे देखणी, भाषा सोपी, प्रत्येक गोष्ट दोन-चार पानांची. लेखिका प्रामाणिक आहेत. ठिकाण आणि साल त्या देतात. पण ठिकाणे एकत्र ठेवून पाहिली तर बहुतेक जोड्या घरातल्या, प्राणिसंग्रहालयातल्या, सुटका केंद्रातल्या आहेत, म्हणजे जेथे अन्न माणूस देतो, शत्रू येत नाहीत आणि स्वजातीची सोबत मिळत नाही. सोबत हवी असणारा प्राणी जे उपलब्ध असेल ते स्वीकारतो. हा निष्कर्ष पुस्तकातूनच निघतो, पण पुस्तक तो काढत नाही. पान उलटले की नवी जोडी येते. ही आमची मुख्य तक्रार आहे. ४७ गोष्टींमध्ये एखादी तरी तुलना हवी होती.

तरीही या पुस्तकातली एक गोष्ट आम्हाला सहज बाजूला सारता येत नाही, आणि ती भारतातली आहे. २००२ मध्ये गुजरातेत वडोदरा जिल्ह्यातील अंतोली गावी शेतात बांधलेल्या गाईजवळ एक बिबट्या रात्री येऊन बसू लागला. तो एकदा नव्हे, अनेक रात्री आला. गाय त्याचे डोके चाटत असल्याचे पाहणाऱ्यांनी सांगितले, छायाचित्रेही निघाली. येथे पिंजरा नाही, विहीर नाही, बिबट्याला वाढवणारा माणूस नाही, आणि बिबट्या आपल्या पायांनी येत होता, आपल्या पायांनी जात होता. सगळ्या गोष्टींना एकाच काठीने हाकणाऱ्या टीकाकाराने या गोष्टीपाशी थांबावे. आमच्या पिढीतल्या संशोधकांना प्राण्यांविषयी ‘आवडते’, ‘घाबरतो’, ‘मित्र’ असे शब्द वापरू नका, हे मानवीकरण होते, असे शिकवले गेले. त्या शिस्तीने पुष्कळ भाबडेपणा गेला. पण फ्रान्स द वाल यांनी याच्या उलट चुकीलाही नाव दिले : माणूस आणि इतर प्राणी यांच्यातले साम्य समोर दिसत असताना ते नाकारण्याची सवय. डार्विनने १८७२ मध्येच प्राण्यांच्या भावनांवर ग्रंथ लिहिला होता, तो काही भाबडा माणूस नव्हता. तेव्हा मैत्री हा शब्द आम्ही वर्ज्य मानत नाही. दोघांनाही सोडून जाण्याची मोकळीक असावी, येणे-जाणे पुन्हा पुन्हा घडावे, आणि दोघांच्याही वागण्यात एकमेकांमुळे फरक पडावा, एवढे दिसले तर शब्द खुशाल वापरावा. गाय दाव्याला बांधलेली होती, म्हणून अंतोलीची गोष्टही या कसाला अर्धीच उतरते. सिन्नरची मुळीच उतरत नाही.

रशियाच्या अतिपूर्वेकडील एका सफारी उद्यानात नोव्हेंबर २०१५ मध्ये अमूर नावाच्या वाघापुढे जिवंत भक्ष्य म्हणून सोडलेला बोकड वाघाला भ्याला नाही, उलट त्याच्याच जागेत झोपू लागला, आणि ‘तिमूर’ हे नाव घेऊन जगप्रसिद्ध झाला. जानेवारी २०१६ मध्ये बोकडाच्या ढुशांना कंटाळून वाघाने त्याला उचलून आपटले, दोघांना वेगळे करावे लागले. बोकड त्यानंतर पूर्वीसारखा धडधाकट झाला नाही आणि २०१९ मध्ये मेला. या कथेचा पूर्वार्ध अजूनही फिरतो. शिवाय प्राण्यांना मुद्दाम संकटात टाकून सुटकेचे चित्रण करणारेही आहेत, आणि आता तर संगणकाने बनवलेले बिबटेही गावोगावी फिरत आहेत. त्यांच्याविषयी अधिक लिहून जागा अडवत नाही.

कोणी म्हणेल, असू द्या, मुलांच्या मनात प्राण्यांविषयी प्रेम उत्पन्न होते ना! मुंबईच्या फ्लॅटमधल्या मुलाबाबत हे आम्ही मान्य करू. अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी येथल्या मुलाबाबत करणार नाही. अकोल्याच्या खोऱ्यात, जेथे दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात आणि ज्याला जंगल म्हणावे असे काही नाही, तेथे स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. २०१३ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. हे बिबटे खातात काय, हे त्यांच्या विष्ठेवरून तपासले गेले. त्यांच्या भक्ष्याच्या एकूण वजनात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच होता, कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रे मोकळे. मांजरेही त्या यादीत आहेत. ज्या मुलाच्या अंगणातले कुत्रे रात्रीतून नाहीसे होते, त्याला बिबट्या-कुत्र्याच्या मैत्रीची गोष्ट सांगणे ही त्याची थट्टा आहे.

यापुढचा धोका ऊसतोडीच्या हंगामात येतो. बिबट्याची मादी उसात विते. कोयते पुढे सरकत जातात, पाचटात दोन-तीन पिल्ले दिसतात, आणि ती मांजराच्या पिल्लांसारखी गोजिरवाणी असतात. तोडणी टोळीबरोबर आलेली मुले, शेजारच्या वस्तीवरची मुले ती उचलतात, मांडीवर घेतात, छायाचित्रे काढली जातात. कोणी दूध पाजतो, कोणी घरी नेतो. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे पिल्लू जवळ ठेवणे हा गुन्हा ठरतो, हा भाग वेगळा. आई जवळपासच्या उसात असते आणि रात्री पिल्ले शोधायला येते, ही खरी अडचण. पिल्ले न सापडलेली मादी त्या वस्तीभोवती घिरट्या घालत राहते, आणि माणसाशी तिची गाठ पडण्याचा संभव वाढतो. उलट, पिल्ले हलवली गेली नाहीत, किंवा वनखात्याच्या माणसांनी तपासून त्याच जागी संध्याकाळी परत ठेवली, तर बहुतेक वेळा ती येऊन तोंडात धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. जुन्नरजवळच्या माणिकडोह केंद्रातील पशुवैद्यांनी आणि वनकर्मचाऱ्यांनी अशा कितीतरी पुनर्भेटी घडवून आणल्या आहेत. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हा समज त्यामुळे खोटा ठरला. या पिल्लांना हाताळून, तपासून, कातडीखाली ओळखचिप बसवूनही आयांनी ती स्वीकारली आहेत. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात हंगामभर लिहून ठेवावा. मैत्रीच्या चित्रफिती पाहून वाढलेल्या मुलाचा हात पिल्लाकडे सहज जातो. त्याने तो मागे घ्यायला शिकावे, यासाठी वर्गात दहा मिनिटे खर्च करायला काय हरकत आहे?

अकोल्याच्या डोंगरी भागातल्या महादेव कोळी आणि ठाकर लोकांजवळ या बाबतीत जुने शहाणपण आहे. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे बाकीचा महाराष्ट्र वसुबारस करून गाय-वासराची पूजा करतो त्याच दिवशी, तेथे वाघबारस होते आणि वाघोबाला नैवेद्य दाखवला जातो. तेथे वाघ मित्र नाही आणि वैरीही नाही. त्याचा मान राखायचा, त्याच्या वाटेत यायचे नाही, आणि त्याने आपली गुरे राखावीत असे मागणे मागायचे. मैत्रीला अंतर नको असते. या नात्यात अंतर हाच भाग महत्त्वाचा आहे.

प्रश्न उरतो तो वर्गात भिन्न जातींच्या संगतीविषयी काय सांगावे याचा. इथिओपियाच्या पठारावर जेलाडा नावाच्या माकडांच्या कळपात लांडगे शांतपणे फिरतात, त्यांच्या पिल्लांना हात लावत नाहीत. व्यंकटरामन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मोजून दाखवले की कळपात असताना लांडग्याचे उंदीर पकडण्याचे ६७ टक्के प्रयत्न यशस्वी होतात, आणि एकटा असताना २५ टक्के. माकडांचे पिल्लू एकदा खाल्ले की हा फायदा संपला. पण इतके लांब जायलाच हवे असे नाही. राहुरी, नेवाशाच्या पाटपाण्याच्या रानात म्हशीच्या पुढच्या पायाशी गाय बगळा चालतो, पाठीवर कोतवाल बसतो, मागे साळुंक्या असतात. खुरांनी उडवलेले नाकतोडे हे त्यांचे भक्ष्य. म्हशीला यातून काय मिळते, गोचिडी निघतात का, की काहीच मिळत नाही, हा प्रश्न मुलांवरच सोपवावा. शाळेच्या कुंपणापलीकडे म्हशी येतच असतात. चरणाऱ्या म्हशींजवळ किती बगळे आणि बसून रवंथ करणाऱ्यांजवळ किती, एवढे दोनच आकडे मुलांनी मधल्या सुट्टीत रोज लिहिले, तरी पंधरवड्यात वर्गात वाद घालण्याजोगे पुष्कळ जमते.